अडुळसा, दमवेल आणि पंप: फुफ्फुसाच्या दाहावर वनस्पतींचे अर्क कुठवर पोचले?

१ फेब्रुवारी २०११ या एका दिवशी देशभरातल्या ८८० शहरांत आणि गावांत डॉक्टरांकडे आलेल्या २,०४,९१२ रुग्णांची नोंद झाली. ही पाहणी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने घडवून आणली होती. त्यात निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांच्या तक्रारी श्वसनाच्या निघाल्या. पुढे २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये देशाचा हिशोब मांडला गेला, तेव्हा २०१६ सालचे दम्याचे रुग्ण ३ कोटी ७९ लाख आणि सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसलेले, ५ कोटी ५३ लाख भरले. मधुमेहाची चर्चा रोज होते, श्वासाची क्वचित.

पुण्यात अशा तक्रारीवरचा पहिला उपाय बहुतेकदा दवाखान्याची पायरी चढण्याआधीच झालेला असतो. मधातून सितोपलादी, अडुळशाचं सिरप, रात्री हळदीचं दूध, कोणीतरी आणून दिलेला गुळवेलीचा काढा. यात गैर काही नाही. पण डॉक्टरांनी ‘पंप’ (इनहेलर) लिहून दिला की घरातले चेहरे पडतात. एकदा लागला की सुटत नाही, हे वाक्य ऐकू येतं आणि मग झाडपाल्यातलं काहीतरी शोधायला सुरुवात होते. प्रयोगशाळांतही हाच शोध चालू आहे. अमुक वनस्पतीच्या अर्काने उंदराच्या फुफ्फुसाचा दाह उतरला, अशी बातमी दर महिन्याला येते. या सगळ्यातून माणसाच्या हाती नेमकं काय लागलं, ते पाहू.

आधी एक फरक लक्षात घ्यावा लागतो. खोकला कमी होणं, कफ सुटणं, नळी मोकळी होणं आणि दाह उतरणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. दम्यात श्वासनलिकेच्या अस्तरात बहुधा इओसिनोफिल नावाच्या पेशी जमतात. सीओपीडीत न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज यांचा जोर असतो. न्यूमोनियात जंतूंशी चाललेल्या झटापटीत वायुकोश पाण्याने भरतात. तर काही आजारांत दाह मागे व्रण ठेवतो आणि फुफ्फुस चामड्यासारखं घट्ट होत जातं. नळी सैल करणारं औषध घेतलं की पाच मिनिटांत बरं वाटतं, आतला दाह मात्र तसाच राहू शकतो. वनस्पतींवरच्या लेखनातला निम्मा गोंधळ हा फरक पुसला गेल्यामुळे होतो.

अडुळशाचंच उदाहरण घेऊ. पुण्याच्या आसपास कुंपणाला लावलेलं, गुरं तोंड न लावणारं हे झुडूप. १८८८ साली डेव्हिड हूपर यांनी त्यातून व्हॅसिसिन हे अल्कलॉइड वेगळं केलं. त्याच्या रचनेवरून बेतलेला ब्रोमहेक्सिन हा रेणू १९६०च्या दशकात जर्मनीच्या बोहरिंगर इंगेलहाइम कंपनीने बाजारात आणला आणि ब्रोमहेक्सिनचं शरीरात जे रूपांतर होतं, ते पुढे अ‍ॅम्ब्रोक्सॉल या नावाने वेगळं औषध झालं. आज मेडिकलमधून आणलेल्या खोकल्याच्या बाटलीवर ही दोन नावं दिसली तर तो अडुळशाचाच वंश समजावा. ‘अ‍ॅलोपॅथी नको, अडुळसा द्या’ असं म्हणणाऱ्यांना हे सांगितलं की जरा अवघडल्यासारखं होतं.

मात्र ब्रोमहेक्सिन काय किंवा अ‍ॅम्ब्रोक्सॉल काय, दोन्हींचं मुख्य काम कफ पातळ करणं. दाहाचा प्रश्न त्यांनी सोडवला नाही. अडुळशाच्या संपूर्ण काढ्याबद्दल मात्र अलीकडे एक दखल घेण्याजोगं काम झालं. दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेने २०२१च्या सुमारास उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. दम्याच्या तीव्र प्रकारात स्टेरॉइडलाही दाद न देणारा दाह असतो. ऑक्सिजन कमी पडल्यावर पेशींत जी धोक्याची घंटा वाजते, ती या दाहाला खतपाणी घालते, असं त्यांचं म्हणणं. अडुळशाच्या पाण्यातल्या काढ्याने ती घंटा शांत झाली आणि दाहही उतरला. प्रयोगाची आखणी चांगली होती, काढाही आयुर्वेदीय पद्धतीने केलेला होता. तरीही रुग्ण होते उंदीर.

धोत्र्याची गोष्ट अधिक लांबची आणि अधिक शिकवणारी. दम्यावर धोत्र्याच्या पानांचा धूर ओढण्याची रीत आपल्याकडे जुनी. १८०२च्या सुमारास ती मद्रासहून ब्रिटनमध्ये गेली आणि मग शंभरएक वर्षं युरोपात दम्याच्या विड्या औषधांच्या दुकानांतून विकल्या गेल्या. धोत्र्यातल्या अ‍ॅट्रोपिनसारख्या द्रव्यांनी नळीचे स्नायू सैल होतात हे खरं, पण तोंड कोरडं पडणं, बाहुल्या विस्फारणं, भ्रम होणं आणि प्रमाण चुकलं तर मरण, हा त्याच पानाचा दुसरा गुण. रसायनशास्त्रज्ञांनी अ‍ॅट्रोपिनच्या रेणूत असा बदल केला की तो फुफ्फुसातून रक्तात फारसा शिरूच नये. त्यातून इप्राट्रोपियम आणि पुढे टायोट्रोपियम निघालं. टायोट्रोपियमची ‘अपलिफ्ट’ ही चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली: ५,९९३ रुग्ण, चार वर्षं. निकाल सरळ होता. फुफ्फुसाची क्षमता घटण्याचा वेग काही थांबला नाही, पण आजार उसळण्याचे प्रसंग कमी झाले. हे दोन आकडे, ५,९९३ आणि चार वर्षं, पुढच्या मजकुरासाठी लक्षात ठेवावेत.

दाहाला थेट हात घालणारं वनस्पतीजन्य औषध म्हणायचं तर इजिप्तमधल्या खेल्ला या ओव्याच्या कुळातल्या झाडाकडे जावं लागतं. त्याच्या बियांतलं खेलिन दम्यावर वापरात होतं, पण मळमळ फार. इंग्लंडमध्ये रॉजर अल्टून्यान नावाचे डॉक्टर एका औषध कंपनीत कामाला होते आणि स्वतः दमेकरी होते. गिनीपिगच्या केसांची त्यांना अ‍ॅलर्जी. ते त्या केसांचा अर्क मुद्दाम हुंगायचे, स्वतःला दमा लावून घ्यायचे आणि खेलिनच्या रचनेवरून केलेला एकेक रेणू स्वतःवर तपासायचे. काही वर्षं हा उद्योग चालला आणि १९६५ साली सोडियम क्रोमोग्लायकेट हाती आलं. त्याने मास्ट पेशींतून दाह पेटवणारी द्रव्यं सुटणं रोखलं जातं. लहान मुलांच्या दम्यात ते पुष्कळ वर्षं वापरलं गेलं. पुढे श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडनी त्याला मागे टाकलं.

आणि स्टेरॉइड? ज्यांच्या भीतीने पुणेकर काढ्याकडे वळतो, त्यांचं स्वस्त उत्पादनही एका कंदापासून सुरू झालं. १९४०च्या दशकात रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या रानकंदातल्या डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनवलं; १९५२ साली अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी बुरशीच्या मदतीने त्याचा पुढचा टप्पा गाठला आणि कॉर्टिसोनच्या जातीची औषधं सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. जून २०२०मध्ये ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं, की व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने साधारण एक तृतीयांशाने घटतात. फुफ्फुसाच्या दाहावरचा त्या साथीतला पहिला खात्रीचा उपाय तोच ठरला. तेव्हा झाडपाला की रसायन, हे भांडण या विषयात फारसं कामाचं नाही. रेणू शोधला गेला का, मोजला गेला का, माणसांवर तपासला गेला का, एवढंच विचारायचं.

आता अर्कांच्या माणसांवरच्या चाचण्यांकडे येऊ. महाराष्ट्रात यातली सगळ्यात प्रामाणिक चाचणी मुंबईच्या केईएममध्ये झाली, असं माझं मत आहे. कुटकी ही वनौषधी दम्यावर चालते असे आशादायक अहवाल आधी आले होते. केईएमच्या डॉक्टरांनी ७२ दमेकऱ्यांवर १४ आठवडे ती तपासली. कोणाला कुटकी आणि कोणाला निरुपद्रवी पूड हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही, आणि मधेच औषध आणि पूड यांची अदलाबदल. १९८३ साली निकाल छापला: आधीच्या दाव्यांना आधार मिळाला नाही. असे निकाल छापायला धैर्य लागतं. आज कुटकीच्या गुणगानात या लेखाचा उल्लेख क्वचितच आढळतो, आणि इथे कुटकीपेक्षा आपल्या वाचनाचा दोष मोठा.

दमवेलीचं तसंच झालं. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. शिवपुरी यांनी १९६०च्या दशकाअखेर दमवेलीचं एक पान रोज, सहा दिवस चघळायला दिलं आणि पुढे काही आठवडे आराम टिकल्याचं नोंदवलं. तोंड सोलवटायचं, चव जायची, उलट्या व्हायच्या, तरी रुग्ण खूश. १९७९ साली दुसऱ्या गटाने दोन्ही बाजूंनी गुप्तता पाळून चाचणी केली तेव्हा फरक उरला नाही. रोपवाटिकांत ‘दम्यावर रामबाण’ म्हणून दमवेल अजून विकली जाते.

सालई गुग्गुळाची बाजू जरा बरी. धुळे-नंदुरबारपासून मेळघाटापर्यंतच्या कोरड्या रानात वाढणारं हे झाड. त्याच्या डिंकातली बॉस्वेलिक आम्लं ल्युकोट्राइन बनवणाऱ्या विकराला अडवतात, आणि ल्युकोट्राइन हे दम्यातल्या दाहाचे मोठे हस्तक आहेत. म्हणजे इथे कारणही समजलेलं आहे. १९९८ साली जर्मन औषधशास्त्रज्ञांच्या साथीने जम्मूत झालेल्या चाचणीत ४० रुग्णांना ३०० मिलिग्रॅम डिंक दिवसातून तीनदा, सहा आठवडे दिला गेला. ७० टक्क्यांना सुधारणा जाणवली, तर दुधातली साखर घेणाऱ्या ४० जणांत २७ टक्क्यांना. निकाल दखल घ्यावा असा. पण त्यानंतर कोणी ४००, मग ४,००० रुग्णांवर तो तपासायला हवा होता. तसं झालं नाही, म्हणून पाव शतकानंतरही सालईबद्दल बोलताना ‘आशादायक’ हाच शब्द वापरावा लागतो.

पिंपळीवर लहान मुलांच्या दम्यात केईएमच्या डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली काम प्रसिद्ध केलं. भुईरिंगणीवर दक्षिणेत छोट्या चाचण्या झाल्या. २००८ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या समीक्षकांनी जगभरातल्या दम्यावरच्या वनौषधींच्या २७ चाचण्या एकत्र केल्या: २१ वेगवेगळ्या औषधी, एकूण रुग्ण १,९२५. म्हणजे एका औषधीच्या वाट्याला सरासरी ९२ माणसं. बहुतेक चाचण्यांची मांडणी कच्ची. समीक्षकांना कोणत्याही एका औषधीची शिफारस करता आली नाही.

करोनाने पुण्याला या चर्चेच्या मध्यभागी आणून बसवलं. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने नेमलेल्या संशोधन कार्यदलाचे अध्यक्ष होते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे डॉ. भूषण पटवर्धन. आयुष-६४ या गोळीच्या चाचण्यांचा समन्वय पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीझेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्याकडे होता. ही गोळी मुळात १९८० साली हिवतापासाठी तयार झालेली. घटक चार: सप्तपर्ण, कुटकी, किराईत आणि सागरगोटा. लखनौ, वर्धा आणि मुंबई अशा तीन केंद्रांवर १४० सौम्य-मध्यम रुग्ण घेतले गेले. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत गोळी. गोळी घेणारे लवकर बरे झाल्याचं दिसलं आणि दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, २९ एप्रिल २०२१ रोजी मंत्रालयाने ते जाहीर केलं. चाचणीत कोण काय घेतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ‘बरं वाटणं’ हाच मुख्य निकष होता. अशा वेळी गोळीचा गुण आणि गोळीवरचा विश्वास यांची फोड करता येत नाही. फुफ्फुसाचा दाह किती उतरला, हा प्रश्न तर तिथे विचारलेलाच नव्हता. तरी एक श्रेय द्यायला हवं: साथीत नुसते दावे करून दुकान मांडणारे पुष्कळ होते, इथे निदान चिठ्ठ्या टाकून गट पाडले गेले आणि निकाल छापला गेला.

हळदीबद्दल बोलल्याशिवाय मराठी वाचक सोडणार नाही. अमेरिकेत दिलेलं हळदीचं पेटंट १९९७ साली रद्द करवून घेण्यात सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक आणि त्याआधीचे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांचा मोठा वाटा होता, आणि तो अभिमान रास्तच. पण ते भांडण हळद कोणाची याचं होतं, हळदीने फुफ्फुस सुधारतं का याचं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या बशीत कर्क्युमिन १० ते ५० मायक्रोमोलर इतकं ओतलं की दाहाच्या पेशी शांत होतात. माणसाने दिवसाला ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन गिळलं तरी रक्तात ते २ मायक्रोमोलरच्या आतच राहिलं. मिऱ्यातल्या पिपेरिनने शोषण २० पटींनी वाढतं, हे १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं. पण मुळात जवळजवळ शून्य असलेलं २० पट झालं तरी किती होणार? त्यात कर्क्युमिन रासायनिक चाचण्यांनाच फसवतं, खोटा होकार मिळवतं. २०१७ साली औषधरसायनशास्त्राच्या एका अमेरिकी नियतकालिकाने १२०हून अधिक मानवी चाचण्यांचा धांडोळा घेऊन स्पष्ट लिहिलं, की नीट गुप्तता पाळलेली एकही चाचणी निर्विवाद यशस्वी नाही. हळदीचं दूध जरूर प्यावं, त्याने घसा शेकतो आणि झोप चांगली लागते.

उंदरांच्या बातम्या वाचतानाही असाच हिशोब करावा. उंदराला किलोमागे ५०० मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर प्रचलित सूत्राने माणसाचा डोस किलोमागे सुमारे ४० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास अडीच ग्रॅम घट्ट अर्क येतो. पाच-दहा कॅप्सूल झाल्या. आणि उंदराच्या फुफ्फुसात जिवाणूंचं विष टाकून एका दिवसात उठवलेला दाह आणि तीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईच्या फुफ्फुसातला दाह यांत फार अंतर आहे.

मग पुढचा प्रश्न, पुडीत नेमकं आहे काय? गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत वनस्पतींचा मोठा संग्रह आहे आणि काष्ठौषधी ओळखून देण्याची सोयही. अशा सोयीची गरज किती, ते पाहा. अडुळशात महारुखाची पानं मिसळली जातात, हे औषधीविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत आहे. तालीसपत्र म्हणून कधी विषारी बिरमीची पानं येतात. सितोपलादीतलं खरं वंशलोचन बांबूच्या पोकळीतून निघतं. बाजारात बहुतांशी कारखान्यात बनवलेली सिलिका मिळते. चूर्णातलं १६:८:४:२:१ हे प्रमाण शतकानुशतकं टिकलं, पण आठ भागांचा घटक बदलला. एकाच शेतातला अडुळसाही कोवळा आणि जून, पावसाळी आणि उन्हाळी वेगळा असतो. दोन चाचण्यांचे निकाल जुळत नाहीत, तेव्हा दोन्हीकडे तेच औषध होतं का, इथून सुरुवात करावी लागते.

श्वासावरच्या काही अनामिक ‘जादूच्या’ पुड्यांत स्टेरॉइड दळून घातल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्या पुडीने दोन दिवसांत आराम पडतो, आणि पडणारच. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. अडुळशातलं व्हॅसिसिन गर्भाशय आकुंचित करतं, म्हणून गरोदरपणी तो वर्ज्य. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉ. आभा नगराल आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली केली. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्ण समोर आले. आयुष मंत्रालयाने ती वेल गुळवेलच होती का, यावर शंका घेतली. ती शंका खरी धरली, तरी वेल ओळखण्याच्या मुद्द्यालाच बळ मिळतं.

कायद्यात वाट आहे. नोव्हेंबर २०१५च्या अधिसूचनेने ‘फायटोफार्मास्युटिकल’ हा नवा वर्ग आला: वनस्पतीचा शुद्ध केलेला अर्क, त्यातली किमान चार द्रव्यं मोजून दाखवायची आणि मग आधुनिक औषधासारख्या चाचण्या द्यायच्या. ग्रंथोक्त आयुर्वेदीय कल्पांना अशी अट नाही. दुसरीकडे औषध नियमांच्या ‘शेड्यूल जे’मध्ये दम्याचं नाव आहे, म्हणजे दमा बरा करतो असा दावा वेष्टनावर करताच येत नाही. दावे तरीही भिंतींवर रंगवलेले दिसतात.

पुण्याकडे या कामासाठी लागणारं बरंच काही एका शहरात आहे. वनस्पती ओळखणारी आघारकर, १९३३ साली सुरू झालेलं टिळक आयुर्वेद महाविद्यालय आणि ताराचंद रुग्णालय, श्वसनरोगांवर गावोगाव पाहणी केलेली पुण्याच्याच केईएम रुग्णालयाची वढू केंद्रातली तुकडी, औषध कंपन्यांची संशोधन केंद्रं. पण ही मंडळी एका प्रकल्पावर क्वचित येतात. पीएचडीच्या प्रबंधाला उंदीर पुरतो आणि मान्यताप्राप्त पत्रिकेत छापूनही येतो. ६०० रुग्ण वर्षभर, नेहमीचा पंप चालू ठेवून, अडुळसा किंवा सालईचा मोजलेला अर्क आणि तसाच दिसणारा खोटा अर्क, स्पायरोमेट्री (श्वासाची क्षमता मोजणारी तपासणी) आणि आजार उसळण्याचे प्रसंग हे निकष, अशा चाचणीला पैसा आणि पाच वर्षं लागतात. पेटंट मिळत नाही म्हणून कंपनी पुढे येत नाही. मग हे काम सरकारी पैशानेच व्हायला हवं, आणि नव्या नव्या अर्कांवरचे शंभर छोटे प्रकल्प थांबवून दोन-तीन मोठ्या चाचण्यांना पैसा द्यायला हवा.

तोवर दाह पेटवणारं कारण कमी करणं आपल्या हातात आहे. चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली फटाके जाळून धूर मोजला, तेव्हा सगळ्यात जास्त सूक्ष्म कण निघाले ते मुलांच्या हातातल्या नागगोळीतून. खिडकीतल्या कबुतरांच्या विष्ठेने होणारा फुफ्फुसाचा दाह पुण्याच्या डॉक्टरांना परिचित आहे, आणि त्यावर कबुतरं हटवण्याइतका गुणकारी अर्क नाही. ‘हर्बल’ धूपकांडीचा धूर हा धूरच असतो.

घरात दमेकरी असेल तर सितोपलादी किंवा अडुळसा घेत असल्याचं डॉक्टरांना आणि वैद्यांना दोघांनाही सांगा, लपवू नका. काढ्याच्या भरवशावर पंप मात्र बंद करू नका. श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडची जागा घेईल असा वनस्पतीचा एकही अर्क अजून माणसांवर सिद्ध झालेला नाही.